वालूर : भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या

एखाद्या गांवाची माहिती द्यावयाची झाली म्हणजे ती बहुधा तीन मथळ्यांखालीं दिली जाते : भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या. अमेरिकेंतील हजार-पांचशें वस्तीचें एखादें गांव घ्या. त्याच्याहि नांवावर या तीन मथळ्यांखालीं चार चार ओळी सांपडतात. गांव कोणत्या नदीकांठीं आहे, पहिली वसाहत कोणीं केली, आगगाडी केव्हां आली आणि मागील खानेसुमारींत माणसें किती भरलीं, एवढें सांगितलें कीं गांवाचें वर्णन पुरें झालें असें मानतात. आपल्याकडे मोठ्या शहरांचीं आणि तीर्थक्षेत्रांचीं वर्णनें विपुल आहेत. परंतु जेथें कोणा राजानें सिंहासन मांडलें नाहीं, अशा गांवाविषयीं सांगण्यासारखें काय असणार, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ती समजूत आज थोडी तपासून पहावी असा माझा विचार आहे. आणि त्यासाठीं परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील वालूर हें गांव मी निवडलें आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें : भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या हे तीन विषय तीन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले तर गांव कळत नाहीं. जेथें हे तिन्ही एकमेकांस भेटतात अशा एका जागीं उभें राहिलें पाहिजे. वालूरमध्यें तशी जागा आहे, आणि ती म्हणजे तेथील बारव. शहरांत वाढलेल्या आपल्यापैकीं कांहींना हा शब्द परिचित नसेल, म्हणून सांगतों. बारव म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्यांनीं उतरून जातां येईल अशी बांधीव विहीर. गुजरातेंत तिला वाव म्हणतात, राजस्थानांत बावडी म्हणतात. मराठवाड्यांत अशा बारवा गांवोगांवीं आहेत आणि वालुरांत त्या एकाहून अधिक आहेत. त्यांतील एकीची रचना तर फार विरळ आहे; तिच्याकडे मी थोड्या वेळानें येतों.

प्रथम भूगोल पाहूं. परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यांत वसलेला आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून गोदावरी पूर्वेकडे वाहत जाते. उत्तरेकडून पूर्णा येते. जालन्याच्या बाजूनें येणारी दुधना सेलूजवळून पुढें जाऊन पूर्णेस मिळते आणि पूर्णा शेवटीं गोदावरींत विलीन होते. नकाशा पाहणारास वाटेल कीं, ज्या मुलुखांत तीन नद्या आहेत तेथें पाण्याला काय तोटा? परंतु नदी ही मुख्यतः कांठच्या गांवाची असते. कांठापासून कोस-दोन कोस दूर असलेल्या घरांतील बाईला डोक्यावर हंडा घेऊन नदी गांठणें हा रोजचा उद्योग करतां येत नाहीं; आणि या बाजूच्या लहान नद्या व ओढे उन्हाळ्यांत कोरडे पडतात.

आतां जमिनीखालीं काय आहे तें पहा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचें पठार तयार झालें. त्या काळ्या पाषाणाचा वरचा भाग झिजून आपली काळी माती झाली. या मातीचा गुण असा कीं, पावसाळ्यांत प्यालेलें पाणी ती पुष्कळ दिवस धरून ठेवते. म्हणूनच पाटाचें पाणी नसतांहि या भागांत थंडीच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. परभणीच्या कृषि विद्यापीठानें, ज्याची स्थापना १९७२ सालीं झाली, रब्बी ज्वारीच्या आपल्या एका वाणास ‘परभणी मोती’ असें नांव दिलें आहे. तें नांव या मातीला शोभणारेंच आहे. कापूस हें येथील दुसरें जुनें पीक. अलीकडे त्याच्या जोडीस सोयाबीन आलें आहे.

माती उदार असली तरी तिच्या खालचा खडक मात्र कृपण आहे. अखंड काळा पाषाण पाणी पीत नाहीं आणि सांठवीतहि नाहीं. पाणी राहतें तें मातीखालच्या मुरमांत, झिजलेल्या खडकांत आणि पाषाणाच्या भेगांतून. म्हणजे भूमीच्या पोटांत येथें मोठा जलाशय नाहीं. वरच्या थरांत एक उथळ, मर्यादित सांठा आहे, जो पावसाळ्यांत भरतो आणि उन्हाळ्यांत उतरतो. पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, हा या मुलुखाचा भूगोल होय. गांव कोठें वसावें, किती वाढावें आणि दुष्काळांत किती टिकावें हें याच हिशेबानें ठरत आलें आहे.

बारव हें त्या हिशेबाचें दगडांत काढलेलें उत्तर आहे. मुरमाचा थर फोडून रुंद तोंडाचा खड्डा खणावयाचा, त्याच्या बाजू घडीव दगडांनीं बांधून काढावयाच्या, आणि दगडांच्या सांध्यांतून भोंवतालचें पाणी झिरपून आंत यावें अशी तजवीज ठेवावयाची. पुष्कळ बारवांत म्हणूनच चुना न वापरतां केवळ दगडावर दगड बसविलेले आढळतात. पाणी जसजसें खालीं जाईल तसतसा माणूसहि पायरी पायरीनें खालीं उतरेल. वैशाखांत चार पायऱ्या अधिक उतराव्या लागतील, एवढाच भेद.

या विद्येचें शास्त्र आपल्याकडे लिहिलें गेलें आहे. ‘अपराजितपृच्छा’ या बाराव्या शतकांतील शिल्पग्रंथांत पायविहिरींचे प्रवेशमार्गांवरून चार प्रकार सांगितले आहेत. एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चारी दिशांनीं वाटा असतील तर विजया. वालूरची जी बारव विशेष पाहण्यासारखी आहे ती या नेहमींच्या मांडणीहून निराळी. ती चक्राकार आहे. एरवीं बारवेचा जिना सरळ रेषेंत खालीं जातो. येथें विहीर वाटोळी, आणि पायऱ्या तिच्या भिंतीला बिलगून, वेटोळें घेत घेत पाण्याकडे उतरतात. शंखाच्या आंतल्या वळशाची कल्पना करा, म्हणजे ही रचना डोळ्यांपुढें येईल. गुजरातेंतील चांपानेर येथें या जातीची एक वाव प्रसिद्ध आहे. परंतु एकंदर भारतांत असे नमुने थोडेच आहेत. ज्या गांवाविषयीं सांगण्यासारखें काय असणार असें आपण म्हणत होतों, त्या गांवानें असा नमुना सांभाळून ठेवला आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. वालूर ज्या मुलुखांत आहे त्या मुलुखावरून राज्यें कशीं गेलीं तें पाहिलें तर मन थक्क होतें. देवगिरीच्या यादवांच्या अमदानींत हा प्रदेश भरभराटींत होता. मराठवाड्यांतील पुष्कळ मंदिरें आणि बारवा त्याच काळांतल्या आहेत. शेजारच्या जिंतूर तालुक्यांतील चारठाण्याचीं मंदिरें त्या कारागिरीची साक्ष देतात. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढील वीस-बावीस वर्षांत यादवांची सत्ता संपली. १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें. तें फुटल्यावर जवळच्या पाथरीसाठीं अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यांत झगडा झाला. निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यांतला होता, असें फेरिश्त्यानें लिहून ठेवलें आहे. पुढें मोंगलांच्या राज्यांत पाथरी हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें झालें. १७२४ सालीं निजामउल्मुल्कानें दक्षिणेंत आपली सत्ता स्थापिली आणि तेव्हांपासून सव्वादोनशें वर्षें हा भाग हैदराबादच्या अंमलाखालीं राहिला.

या सर्व उलाढालींत वालूरसारख्या गांवाचें काय झालें? सारा वसूल करणारा बदलला; सारा देणारा बदलला नाहीं. दप्तराची लिपि आणि भाषा बदलली. हैदराबाद राज्यांत कारभाराची भाषा प्रथम फारसी होती, मग उर्दू झाली. गांवकऱ्याचें घरचें बोलणें मराठीच राहिलें. पहिल्या सालारजंगानें १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली तेव्हां कारभारास एक नियमित रूप आलें. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें राज्य म्हणजे पटवारी, मालीपाटील आणि पोलीसपाटील एवढीच मंडळी होतीं. राजा हैदराबादेस होता आणि हैदराबाद फार दूर होतें.

तें थोडें जवळ आलें तें आगगाडीनें. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू होऊन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा मार्ग खुला झाला. परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी हीं स्टेशनें त्याच मार्गावरचीं. या रुळांनीं मुलुखाचा नकाशा पालटला. जेथें गाडी थांबली तेथें बाजार आला, कापसाचे गठ्ठे आले, अडत आली, आणि हळूहळू शाळा व कचेऱ्या आल्या. सेलूचें शहर झालें. वालूरला रूळ आले नाहींत. तें रुळांपासून बाजूला राहिलेलें गांव होय. अमेरिकेंतहि असेंच घडलें आहे. रेल्वे जेथून गेली तेथें नवीं शहरें उभीं राहिलीं आणि जेथून गेली नाहीं त्या गांवांनीं कधीं कधीं आपलीं घरें उचलून रुळांशेजारीं नेलीं. आपलीं दगडामातीचीं घरें लांकडी घरांसारखीं उचलून नेतां येत नाहींत, आणि बारव तर मुळींच हलवितां येत नाहीं. म्हणून आपलें जुनें गांव जागच्या जागीं राहतें, आणि त्याच्या कर्तृत्वाचीं माणसें तेवढीं स्टेशनाकडे जातात.

याच रेल्वेमार्गावरील परतूर येथें १९३७ सालीं हैदराबाद राज्यांतील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. आपल्या भाषेंत शिकण्याचा आणि सभा भरवून बोलण्याचा हक्क हीहि मागावी लागणारी वस्तु होती, हें आज सांगून खरें वाटणार नाहीं. पुढें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा हैदराबाद राज्यांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. १९४९ सालीं जहागिरी नष्ट करण्यांत आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रांत. त्यानंतर परभणी जिल्ह्याचेहि तुकडे पडले. १९८१ सालीं परतूरचा भाग नव्या जालना जिल्ह्यांत गेला, १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला. म्हणजे १९४५ सालीं वालुरांत जन्मलेल्या आणि आपलें शिवार कधींहि न सोडलेल्या माणसानें वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत तीन राज्यांचें नागरिकत्व भोगलें. राज्यें त्याच्या अंगणांतून जात राहिलीं. तो पाणी त्याच विहिरीचें पीत राहिला.

आतां तिसरा मथळा, लोकसंख्या. हा मथळा सर्वांत सोपा वाटतो, कारण येथें एक आंकडा दिला कीं काम भागतें. पण आंकड्याइतकें मुकें दुसरें कांहीं नाहीं. हैदराबाद राज्यांत पहिली रीतसर खानेसुमारी १८८१ सालीं झाली. १९३१ पर्यंत ही मोजणी एकाच रात्रीं होत असे. त्या रात्रीं जो जेथें सांपडेल तेथें त्याची नोंद व्हावयाची. १९४१ पासून ती पद्धत सोडून कांहीं दिवसांच्या मुदतींत, राहत्या ठिकाणीं मोजणी होऊं लागली. १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची स्वतंत्र पुस्तिका निघूं लागली आणि तींत गांववार माणसें आणि घरें यांच्या नोंदी येऊं लागल्या. पुढें शाळा, दवाखाने आणि पिण्याच्या पाण्याचीं साधनेंहि त्या नोंदींत आलीं. २०११ च्या जनगणनेंत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ भरली. २०२१ ची जनगणना महामारीमुळें पुढें गेली आणि आतां १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ-दिनांक ठरविण्यांत आला आहे.

आंकडा कसा मुका असतो याचें एक उदाहरण घ्या. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली. आंकड्यांत पाहिलें तर फरक हजारीं तीन माणसांचा. पण त्या तिनाच्या मागें १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें ओस पाडलेलीं लक्षावधि घरें आहेत. तसेंच १९७२ च्या दुष्काळाचें. मराठवाड्यांतील स्त्रीपुरुष त्या वर्षीं खडी फोडण्याच्या आणि रस्ते-तलावांच्या कामांवर गेले. याच अनुभवांतून पुढें महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आणि १९७७ चा तिचा कायदा जन्मास आला. पण १९७१ आणि १९८१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या मध्यें पडल्यामुळें त्या वर्षाच्या यातना कोणत्याच रकान्यांत सांपडत नाहींत.

गांव कोणाला म्हणावें आणि शहर कोणाला, याचाहि आपल्या खानेसुमारीचा एक नियम आहे. नगरपालिका नसली तर निदान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसें, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकीं निदान शेंकडा ७५ शेतीबाहेरचे, अशा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच शहर. अमेरिकेंत पांचशें वस्तीचेंहि गांव सनदेनें शहर म्हणवून घेऊं शकतें. आपल्याकडे शेतीवर जगणारें गांव, माणसें कितीहि असोत, कागदोपत्रीं खेडेंच राहतें. या नियमांत एक सत्य आहे. वालूरसारख्या गांवाची संख्या मातीवर आणि पाण्यावर अवलंबून असते. पाऊस चुकला कीं तरणीं माणसें ऊसतोडीला, पुण्याला किंवा मुंबईला जातात. चांगलें वर्ष आलें कीं कांहीं परततात. आंकड्यांत हें येणें-जाणें दिसत नाहीं.

याहून मोठा एक प्रश्न आहे : मोजणींत कोण धरला जातो? अमेरिकेच्या राज्यघटनेनें दर दहा वर्षांनीं शिरगणती करावी असें बंधन घातलें आणि १७९० सालीं पहिली मोजणी झाली. तींत सुमारें ३९ लक्ष माणसें भरलीं, त्यांपैकीं सुमारें ७ लक्ष गुलाम होतीं. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब त्या घटनेनें लावला होता, आणि कर न देणाऱ्या मूळ रहिवाशांस तर हिशेबांतून वगळलेंच होतें. परक्यांच्या या गणितावर आपण सहज नाक मुरडूं. पण आपल्या गांवांतहि एक अलिखित गणित होतें, आणि तें पाणवठ्यावर मांडलें जात असे.

बारवेची खरी थोरवी कशांत आहे तें मला येथें सांगावयाचें आहे. आडावर पाणी काढण्यास दोर आणि पोहरा लागतो. ज्याच्यापाशीं दोर नाहीं तो आडाच्या कांठावर तहानेला उभा राहतो. बारवेला दोर लागत नाहीं. वाटसरू, गुराखी, यात्रेला निघालेली म्हातारी, कोणीहि खालीं उतरावें आणि ओंजळीनें पाणी प्यावें, अशी तिची घडण आहे. ज्यानें पायऱ्या बांधल्या त्यानें अनोळखी माणसाची तहान मनांत धरली होती. पण समाजानें काय केलें? दगडांनीं जी वाट सर्वांसाठीं मोकळी ठेवली होती ती जातीच्या नियमानें कांहीं जणांना बंद केली. महाराष्ट्रभर पाणवठ्यांची हीच कथा होती. मुंबई कायदे कौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले ठरले. तरीहि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारों लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें. आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं आणि स्नानाचे घाट यांचा शब्दशः उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेला विहिरीचें नांव घ्यावें लागलें, यावरून तो पाणवठा किती खोल होता याची कल्पना येईल. म्हणून एखाद्या गांवाची लोकसंख्या विचारतांना ‘माणसें किती?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘त्यांपैकीं पायऱ्या उतरण्याची मुभा कितीजणांस होती?’ हेंहि विचारावें लागतें.

पुढें बारवा ओस पडल्या. त्याचें कारण केवळ लोकांची बेपर्वाई नव्हे, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. पायऱ्यांच्या विहिरींनीं नारूचा रोग पोसला होता. नारू झालेला मनुष्य पाण्यांत पाय बुडवी, त्याच्या जखमेंतून रोगाचीं पिलें पाण्यांत पडत, तेथील सूक्ष्म जीवांच्या पोटांत वाढत, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांतून वर्षभरानें हातभर लांबीचा तंतु बाहेर येई. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेला खिळे. १९८३-८४ पासून सरकारनें नारू निर्मूलनाची मोहीम हातीं घेतली. तींत पायविहिरी बंद करणें किंवा त्यांच्या पायऱ्या बुजवून कठडे बांधणें हा एक मुख्य उपाय होता. पाणी फडक्यानें गाळून पिण्याचें शिक्षण घरोघर देण्यांत आलें. १९९६ सालीं देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. दगडी पायऱ्यांच्या सौंदर्यानें मोहून जाऊन ही गोष्ट विसरतां कामा नये.

त्याच सुमारास विंधन-विहिरी आल्या. सोलापूरकडे तयार झालेल्या एका हातपंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला आणि जगांतील पुष्कळ देशांत पोंचला. त्यानें स्त्रियांचे कष्ट खरोखरच वांचविले. मग विजेचे पंप आले, नळ आले. आतां पाणी घराशीं आलें. त्यामुळें तें येतें कोठून, हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं. बारवेंत गाळ सांचला, झुडपें वाढलीं, केरकचरा पडूं लागला. पण खडक होता तसाच कृपण राहिला. शंभर हात खोल गेलेलें भोंक वरचा सांठा ओढून घेतें आणि भेगांतलें जुनें पाणीहि उपसतें. तें परत भरण्यास पावसाला फार वर्षें लागतात. बारव उन्हाळ्यांत चार पायऱ्या खालीं जाऊन आपल्याला पाण्याची स्थिति डोळ्यांनीं दाखवी. विंधन-विहीर कांहींच दाखवीत नाहीं. एके दिवशीं ती नुसती हवा ओकते. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें याच मराठवाड्यांत आणि याच पाषाणावर.

या पार्श्वभूमीवर वालूरच्या लोकांनीं जें केलें तें मला महत्त्वाचें वाटतें. मुंबईचे रोहन काळे यांनीं २०२० सालापासून महाराष्ट्रांतील बारवांची नोंद करण्याची मोहीम चालविली आणि महाशिवरात्रीला बारवांत दीप लावण्याचा प्रघात गांवोगांवीं सुरू झाला. या दशकाच्या आरंभीं वालूरच्या गांवकऱ्यांनींहि कुदळ-फावडें घेऊन आपल्या बारवांतील गाळ आणि केर उपसला. वेटोळें घेत जाणाऱ्या त्या पायऱ्या पुन्हा मोकळ्या झाल्या. ज्या जागेकडे गांवानें पाठ फिरविली होती, ती पाहण्यास आतां दुरून माणसें येतात.

या कामाचें मोल केवळ एका प्राचीन वास्तूच्या जतनांत नाहीं. बारव स्वच्छ झाली म्हणजे आपल्या पायाखालचें पाणी किती आहे हें गांवाला पुन्हा दिसूं लागतें. तें प्यावें असें मी म्हणत नाहीं. पिण्याच्या पाण्याची परीक्षा व्हावी, तें शुद्ध व्हावें आणि नळानेंच यावें. पण पाणी मोजण्याची, मुरविण्याची आणि गुरांना व झाडांना पुरविण्याची जागा म्हणून बारवेचा उपयोग आजहि आहे. आणि एक गोष्ट तर अगदीं नवी आहे. पूर्वीं ज्यांना पायऱ्या बंद होत्या त्यांच्या मुलानातवांनाहि घटनेनें आतां या पायऱ्यांवर बरोबरीचा हक्क दिला आहे. बारव नव्यानें मोकळी करावयाची ती सर्वांसाठींच करावयाची. तसें झालें नाहीं तर गाळ काढून कांहींच साधणार नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांचें मूळ एखाद्या वालूरमध्येंच आहे. नांव निराळें असेल, नदी निराळी असेल. सुटीच्या दिवसांत त्या गांवीं गेलांत तर वडील माणसांपाशीं बसून तीन गोष्टी लिहून काढा. नळ येण्यापूर्वीं गांव पाणी कोठून आणीत असे आणि त्या जागेची आज काय दशा आहे. त्या पाण्यावर कोणास जातां येत असे आणि कोणास येत नसे. आणि १९७२ सालीं, तसेंच पुढील दुष्काळांत, गांवांतून कोण कोण बाहेर पडलें आणि कोण परत आलें. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत भूगोल येईल, दुसऱ्याच्या उत्तरांत इतिहास आणि तिसऱ्याच्या उत्तरांत लोकसंख्या. २०२७ च्या जनगणनेचा कारकून आपल्या दारीं येईल तेव्हां तो आंकडा घेऊन जाईल. त्या आंकड्यामागची हकीकत लिहून ठेवणें मात्र त्याचें काम नाहीं. तें आपलें आहे, आणि ती सांगणारीं माणसें आज आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे.